भाकरीची ज्वारी वेगळी, हुरड्याची वेगळी

केंद्र सरकार दरवर्षी खरिपाचे हमीभाव जाहीर करतं, तेव्हा ज्वारीपुढे दोन आकडे असतात. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,६९९ रुपये आणि मालदांडीला ३,७४९ रुपये असा भाव ठरला. फरक पन्नास रुपयांचा, म्हणजे किलोमागे आठ आण्यांचा. तो पुरेसा आहे का, हा वेगळा वाद. पण ज्वारी एक नाही, निदान दोन तरी आहेत, एवढं सरकारी कागदालाही मान्य आहे. किराणा दुकानात मात्र आपण ‘चांगली पांढरी ज्वारी द्या’ एवढंच म्हणतो आणि पिशवी पुढे करतो. तीच ज्वारी भाकरीला, तीच लाह्यांना, तीच कण्यांना. मग भाकरी चिरते, लाह्यांपेक्षा न फुललेलं टोळकंच जास्त निघतं, कण्यांचा गोळा होतो आणि आपण दोष देतो हाताला किंवा गिरणीला. आंबा घेताना आपण असं करत नाही. रसाचा, कापून खायचा आणि लोणच्याचा आंबा आपण वेगवेगळा विचारून घेतो. जालना जिल्ह्यात ज्वारीही तशीच कामावरून निवडावी, असं माझं म्हणणं आहे. ते का आणि कसं, हे या लेखात मांडतो.

सुरुवात दाण्यापासून करू. ज्वारीचा एक वाळलेला दाणा घ्या आणि धारदार पात्याने मधोमध कापा. उजेडाकडे धरलात तर आत दोन भाग स्पष्ट दिसतात. कडेचा भाग काचेसारखा, थोडा पारदर्शक. मधला भाग खडूसारखा पांढरा आणि पिठूळ. काचेसारख्या भागात पिष्टाचे कण प्रथिनांनी घट्ट बांधलेले असतात, मध्ये हवेला जागा नसते. पिठूळ भागात हेच कण सैल असतात, मध्ये पोकळ्या असतात, म्हणून तो पांढरा दिसतो. कुठल्याही वाणात हे दोन्ही भाग असतात, बदलतं ते त्यांचं प्रमाण. दाणा दाताखाली कसा फुटतो, गिरणीतून पीठ कसं पडतं, ते किती पाणी पितं, भाजताना दाणा फुलतो की नुसता तडकतो, हे बरंचसं या प्रमाणावर ठरतं. वरची साल जाड की पातळ आणि दाण्यात रंगद्रव्य किती, या गोष्टी त्यानंतर येतात. बाहेरची चकाकी आणि पांढरेपणा एवढंच पाहून ज्वारी घेणारा माणूस सगळ्यात महत्त्वाची गोष्ट न पाहताच पैसे मोजतो.

आता भाकरी. गव्हात चिकटपणा आणणारं ग्लुटेन असतं, ज्वारीत ते नाही. ज्वारीच्या पिठाला एकजीव धरून ठेवतो तो पिष्ट, आणि तोही गरम पाण्याने थोडा शिजला तरच. म्हणून तर आपल्याकडे आधण ठेवून पीठ भिजवतात. पिठूळ दाण्याचं पीठ मऊ पडतं, पण परातीत थापताना कडा फाटतात. फारच कठीण दाण्याचं पीठ रवाळ राहतं, पाणी जास्त मागतं आणि घाई केली तर भाकरी खरखरीत लागते. भाकरीला लागतो तो मधला दाणा : टपोरा, पातळ सालीचा, मोत्यासारखा, कडेला भरपूर कठीण पण मध्ये पिठाचा गाभा राखणारा. मालदांडीचं नाव घराघरांत झालं ते याच गुणावर. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ तयार झाली. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८० च्या सुमारास भाकरीच्या दर्जाचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा तुलनेसाठी हीच ज्वारी धरली होती. इतक्या वर्षांनंतर शास्त्रज्ञांनी तोच मापदंड धरावा, याचा अर्थ गावातल्या बायकांनी परातीवर केलेली पारख खरी होती. आपल्या भागासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी ज्योती आणि अलीकडे परभणी सुपर मोती हे रब्बीचे वाण दिले आहेत. घरात रोज भाकरी होत असेल तर या मालदांडी कुळाच्या रब्बी ज्वारीवरच खर्च करा. वर्षाच्या धान्यातला मोठा वाटा तिचाच असू द्या.

यावर लगेच म्हटलं जाईल की भाकरी हाताची असते, ज्वारीची नव्हे. यात तथ्य आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. सराईत हात आधण वाढवून, पीठ जास्त मळून साधारण ज्वारीचीही गोल भाकरी करतो. पण हाताची मर्यादाही ओळखायला हवी. सकाळची भाकरी संध्याकाळी मऊ राहते की तुकडे पडतात, हे थापणाऱ्याच्या हातात फारसं नसतं. तव्यावर पाणी फिरवून उलटल्यावर पापुद्रा सुटतो की नाही, यातही धान्याचा वाटा मोठा आहे. शिवाय उत्तम हात काय देऊ शकतो, हे चांगली ज्वारी हाती आली तरच दिसतं. नव्याने भाकरी शिकणाऱ्या मुलामुलींना तर पहिल्या दिवसापासून चांगलीच ज्वारी द्यावी. वाईट पिठाने फाटलेल्या भाकऱ्या पाहून ‘मला जमत नाही’ म्हणत पोळीकडे वळलेली घरं थोडी नाहीत.

हुरड्याचा हिशेब पूर्ण वेगळा आहे. इथे वाळलेला दाणा नाही, दुधाळ अवस्था संपून पीठ भरू लागलेला कोवळा दाणा आपण खातो. त्या थोड्या दिवसांत दाण्यातली साखर अजून पूर्णपणे पिष्टात बदललेली नसते. रब्बीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत झाली, तर डिसेंबरअखेर ते जानेवारीत ही वेळ येते, आणि एका शेतातला हुरडा जेमतेम आठवडाभर खाण्याजोगा राहतो. हुरड्याच्या वाणात दोन गुण लागतात. एक गोडी. दुसरा गुण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही : दाणा बोंडातून सहज सुटला पाहिजे. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेलं गरम कणीस तळहातावर चोळताना हे कळतं. चांगल्या वाणाचं कणीस दोन-तीनदा चोळलं की हिरवेगार, वाफाळलेले दाणे मोकळे होतात आणि फुंकर मारली की कोंडा उडून जातो. भाकरीच्या वाणाचं कणीस चोळलं तर दाण्याला बोंड चिकटून राहतं, हात पोळतो आणि तोंडात कुसळं येतात. म्हणूनच आपल्याकडे सुरती, गुळभेंडी, कुचकुची अशी हुरड्याची खास ज्वारी कडेच्या दोन-चार तासांत पेरायची रीत होती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर, तर परभणीने परभणी वसंत हे हुरड्यासाठीच काढलेले वाण आहेत. एखादं विद्यापीठ निव्वळ हुरड्यासाठी वेगळा वाण काढतं, यातच भाकरीच्या ज्वारीवर हुरडा भागवू नये याचं उत्तर आहे. हुरडा विकत घेणाऱ्यांनी वाणाचं नाव विचारावं आणि त्याहून आधी तो कधी चोळला ते विचारावं. काढल्यावर गोडी झपाट्याने उतरते, तेव्हा सकाळचा हुरडा सकाळीच खाल्लेला बरा.

लाह्यांना हवा तो गुण भाकरीहून वेगळा. दाणा तापला की आतल्या ओलाव्याची वाफ होते. ती वाफ कोंडून धरील एवढी साल धड आणि गाभा घट्ट असेल, तरच दाणा शेवटच्या क्षणी फुटून फुलासारखा उलटतो. पिठूळ दाण्यातून वाफ आधीच निसटते आणि कढईत करपलेलं टोळकं उरतं. त्यामुळे लाह्यांना लहान, कठीण, काचेरी दाणा निवडावा, टपोरी मोत्यासारखी ज्वारी नव्हे. राहुरीचा लाह्यांसाठीचा वाण फुले पंचमी. नागपंचमीला लाह्या खाणाऱ्या महाराष्ट्राला हे नाव समजावून सांगायला नको. तो मिळाला नाही तर हाती असलेल्या ज्वारीतली मूठभर आधी फोडून पाहा. आदल्या रात्री दाण्यावर गरम पाण्याचा हबका मारून फडक्यात बांधून ठेवावं आणि सकाळी जाड बुडाच्या कढईत मोठ्या आचेवर थोडे थोडे दाणे टाकावेत. एवढं करूनही निम्मे दाणे न फुलता उरले तर दोष कढईचा नाही, ज्वारी बदला. पापडासाठीही राहुरीने फुले रोहिणी हा स्वतंत्र वाण दिला आहे, पण उन्हाळी वाळवणाला बाजारात तो नावाने मागून मिळणं कठीण. तेव्हा स्वच्छ, डागविरहित, पांढरी रब्बी ज्वारी घ्यावी. पापडाला रंग लगेच दिसतो आणि काळ्या टोकाचा एक दाणाही सगळं पीठ मळकट करतो.

कण्या, आंबील, घुगऱ्या या शिजवून खायच्या पदार्थांकडे वळू. आपल्या जिल्ह्याचं स्वतःचं धान्य इथे मला फार महत्त्वाचं वाटतं. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला ते मिळालं होतं, आणि त्याच वर्षी मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही. मोसंबीचा बोलबाला झाला, दगडी ज्वारीचं मानांकन मात्र जिल्ह्यातल्याच पुष्कळ घरांना ठाऊक नाही. नाव तिच्या कठीण दाण्यावरून पडलेलं, आणि हा कठीणपणाच तिचं बळ आहे. भरड काढली तर पीठ कमी पडतं आणि कणी एकसारखी निघते. ती शिजताना फुगते पण विरघळत नाही, त्यामुळे कण्या मोकळ्या होतात आणि ताकाबरोबर खाताना दाताला लागतात. मऊ ज्वारीच्या कण्यांची पाण्यात खळ होते. घुगऱ्यांनाही अख्खा राहणारा दाणाच लागतो. दगडी ज्वारीची भाकरी होत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. भाकरी उत्तम होते, दळण बारीक घ्या, आधण चांगलं खळखळू द्या आणि भिजवलेलं पीठ थोडा वेळ झाकून ठेवा. पाणी मुरायला या दाण्याला वेळ लागतो. केवळ मानांकनाच्या चिठ्ठीवर विसंबू नये, हेही सांगायला हवं. मानांकन त्या भागातल्या त्या धान्याला असतं, पोत्यावर कुणीही छापलेल्या नावाला नव्हे. विक्रेता नोंदणीकृत वापरकर्ता आहे का, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि तो वापरावा.

संकरित ज्वारीबद्दल वाईट बोलणं सोपं आहे, पण जालन्यात बसून ते करताना आपला इतिहास विसरू नये. देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ मध्ये आली. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिकोची स्थापना केली आणि हे शहर बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं जाऊ लागलं. या कामासाठी बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेल्या महाराष्ट्रात जास्त पिकणाऱ्या वाणाचं मोल काय होतं, हे वेगळं सांगायला नको. संकरित ज्वारीने पोट भरलं, ही नोंद कृतज्ञतेने करायला हवी. तिची अडचण चवीपेक्षा हंगामाची आहे. खरिपाची ज्वारी कणसात भरते आणि परतीचा पाऊस येतो. ओल्या कणसावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो, आतून पोकळ आणि पिठूळ होतो. अशा ज्वारीची भाकरी कडवट लागते आणि ती आरोग्यालाही बरी नाही. बुरशीचा दाणा धुऊन किंवा पॉलिश करून पांढरा केला तरी आतला बिघाड जात नाही. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर वाढून कोरड्या हवेत पिकते, त्यामुळे हा धोका तिला फार कमी. खरिपाची ज्वारी पावसातून वाचून कोरडी, स्वच्छ निघाली असेल तर धिरड्याला, थालिपिठाला, धपाट्याला खुशाल वापरा. या पदार्थांत बेसन आणि गव्हाचं पीठ मिसळतं, भाजी पडते, तेल पडतं. तिथे मालदांडीचे पैसे मोजण्याचं कारण नाही. हल्ली बेकरीत आणि घरच्या ओव्हनमध्ये ज्वारीची बिस्किटं, केक होतात, तिथेही स्वच्छ मऊ ज्वारी चालते; खुसखुशीतपणाला ती सोयीचीच. खरिपासाठी परभणीनेच इक्रिसॅटच्या सहकार्याने परभणी शक्ती हा वाणही दिला आहे, लोह आणि जस्ताचं प्रमाण वाढवलेला. घरात वाढत्या वयाची मुलं किंवा गरोदर बाई असेल तर तो मुद्दाम शोधण्यासारखा आहे.

सर्वांत खरा आक्षेप व्यवहाराचा आहे. आडतीत वाणाच्या नावाने ज्वारी मिळत नाही, पोत्यावर ‘नंबर एक’ एवढंच असतं. मग निवडायचं कसं? माझं उत्तर असं की नाव मिळालं नाही तरी गुण तपासता येतो. दुकानात उभं राहून विचारायचा पहिला प्रश्न : ज्वारी खरिपाची की रब्बीची? दुसरा : यंदाची की गेल्या सालची? मग मूठभर ज्वारी तळहातावर पसरा. टोकाशी काळे ठिपके, सुरकुतलेले दाणे, कुबट वास यांतलं काही असेल तर भाव कितीही कमी असो, तिथून निघा. दोन दाणे दाताखाली फोडा. कडकन आवाज होऊन तुकडे पडले तर दाणा कठीण, सहज चुरा होऊन जिभेवर पीठ आलं तर पिठूळ. घरी दाणा कापून पाहायचं तर वर सांगितलंच आहे. एवढं करून पोतं घेण्याआधी दोन किलो आणा, वेगळी दळून भाकरी करा आणि ती भाकरी संध्याकाळी पुन्हा खाऊन पाहा. साल भरणीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चच्या काढणीनंतर थेट शेतकऱ्याकडून घेणं सर्वांत चांगलं, कारण वाणाचं नाव त्याला ठाऊक असतं. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा कुठेही असा, खरिपात कपाशी आणि सोयाबीनने ज्वारीला मागे सारलं असलं तरी रब्बीत ज्वारी करणारं एखादं घर नात्यात, ओळखीत निघतंच. त्याला बाजारापेक्षा चार पैसे जास्त द्या. सरकारी भावातले आठ आणे त्याची चांगली ज्वारी टिकवू शकत नाहीत, गिऱ्हाईक टिकवू शकतं.

चांगली ज्वारी आणून पीठ महिनाभराचं दळून ठेवलं तर निवडीचा निम्मा फायदा गेला. दाण्याच्या अंकुरात तेल असतं, दळल्यावर ते हवेला उघडं पडतं आणि पीठ कडवट होऊ लागतं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असंही आपण म्हणतो. दळण आठ-दहा दिवसांपुरतंच करावं, उन्हाळ्यात त्याहून कमी. दाणा मात्र नीट वाळवला तर वर्षभर राहतो, आणि इथेही कठीण ज्वारीला सोंडे-किडे उशिरा लागतात. घरात दोन कणगी असतील तर मऊ ज्वारी आधी संपवा, दगडी मागे ठेवा.

ज्यांच्याकडे शेत आहे त्यांना आणखी एक शक्य आहे. मोठ्या क्षेत्रावर भाकरीचा वाण करा आणि घराजवळच्या कडेला हुरड्याच्या व लाह्यांच्या ज्वारीच्या चार-चार ओळी धरा. गोड वाणावर पाखरं आधी येतात, म्हणून त्या ओळी राखण करता येईल अशा ठिकाणीच हव्यात. हे सगळे सरळ वाण आहेत, संकरित नव्हेत, त्यामुळे बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. ज्वारीत परागीभवन बहुतेक स्वतःचं स्वतःवरच होतं, पण शेजारच्या वाणाचे थोडे परागकण येतातच. तेव्हा बियाण्याची कणसं बांधाकडची घेऊ नका. त्या वाणाच्या ओळींच्या मधोमध उभी असलेली, सारख्या उंचीची, भरगच्च, डाग नसलेली कणसं पीक उभं असतानाच दोरा बांधून ठेवा, काढणीला ती वेगळी कापा, वेगळी बडवा आणि डब्यावर नाव लिहा.